वर्धेच्या अलीकडे आणि पलीकडे

यवतमाळाहून वणीकडे जाणारा रस्ता आमच्या जिल्ह्याची बहुतेक सर्व रूपे क्रमाक्रमाने दाखवितो. शहर सोडले की प्रथम माळराने व सागाची विरळ जंगले लागतात. मग उतार सुरू होऊन काळ्या जमिनीची शेते दोहों बाजूंस पसरतात. करंजीपाशी नागपूर-हैद्राबादचा मोठा महामार्ग ओलांडावा लागतो. आणि मारेगाव मागे पडले म्हणजे हवेत कोळशाची व चुन्याची धूळ जाणवू लागते, तेव्हा वणी जवळ आली असे समजावे. आम्ही गेलो तो कार्तिकाचा महिना होता. कपाशीची बोंडे फुटून शेते पांढरी झाली होती, आणि वेचणीस आलेल्या बायकांच्या ओट्या भरून फुगल्या होत्या. एस. टी.च्या खिडकीतून हे दृश्य आम्ही चाळीस वर्षे पाहत आलो आहोत, तरी त्याचा कंटाळा येत नाही.

आजच्या वाचकांपैकी अनेकांस ठाऊक नसेल की, ज्यास आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो त्याचे नाव पूर्वी वणी जिल्हा असे होते; १९०५ साली पुसद तालुका यात सामील झाला तेव्हा हे नवे नाव आले. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म वणीचाच, १८८० सालचा. त्यांनी १९३० च्या जुलैत पुसदेस जंगल सत्याग्रह केला, ती कथा आमच्या पिढीस वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकावयास मिळाली. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडी झाली. ती आपल्या प्रवासाच्या सोयीसाठी झाली असे कोणी समजू नये; येथील कापूस मुंबईच्या बंदरास व तेथून विलायतेच्या गिरण्यांस पोहोचविणे हाच तिचा मूळ हेतु. लोकांनी तिला प्रेमाने 'शकुंतला' म्हटले. ती आता बंद पडली आहे.

कापसाचा उल्लेख केवळ शोभेसाठी केला नाही. जखमेवर जो कापूस आपण पाहतो तो शेतातून थेट येत नाही. बोंडातील कापसावर एक मेणचट थर असतो, त्यामुळे तो पाणी शोषीत नाही; क्षाराच्या पाण्यात उकळून व धुऊन तो थर काढला म्हणजे मगच तो रक्तपू शोषणारा होतो. ज्या जिल्ह्यातून गाड्याच्या गाड्या भरून कापूस जातो, त्याच जिल्ह्यातील एका घरी, स्वच्छ पट्टी नाही म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्या उकळून वापरताना आम्ही पाहिले. ज्याच्या पायासाठी त्या उकळल्या जात होत्या तो मनुष्य देशाच्या सीमेवर लढून आलेला आहे. आमच्या या प्रवासाचे कारण तोच झाला.

मारेगावाच्या पुढे एका लहान खेड्यात आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वर्गात तो हुशार म्हणावा असा नव्हता, परंतु कवाईतीच्या तासास मात्र सर्वांच्या पुढे असे. अठरा पुरी होताच तो सैन्यात गेला. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरांवर युद्ध झाले, तेव्हा तोफगोळ्याची कपची त्याच्या डाव्या नडगीत शिरली. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, काही वर्षे त्याने नोकरीही केली आणि हवालदार होऊन तो घरी परतला. पण ती जखम पूर्णपणे मिटली अशी कधी झालीच नाही. दोन-चार महिने वरून कातडी धरावी, मग पावसाळ्यात ती लाल व्हावी, तेथे फोड यावा आणि एका बारीक छिद्रातून पू वाहू लागावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुढे त्यास मधुमेहही जडला. गेल्या पावसाळ्यापासून ते छिद्र रुपयाएवढे झाले आहे.

घरी वृद्ध आई, दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मुले, असे चौदा माणसांचे कुटुंब एका चुलीवर नांदते. त्याची बायको दर दिवसाआड पट्टी बदलते. तिचे हात पाहून आम्हांस खरोखर आश्चर्य वाटले. एखाद्या शिकलेल्या परिचारिकेने करावे तितके ते काम ती स्वच्छ करीत होती. फक्त काय वापरावे हे तिला कोणी सांगितले नव्हते. कोणी म्हणाले हळद, कोणी म्हणाले चुना, कोणी म्हणाले बाटलीतले फेस येणारे औषध. तिने सगळे करून पाहिले होते.

"सूनबाई, हे तुला शिकविले कोणी?" आम्ही विचारले.

"कोन शिकवील गुरुजी? पाह्यता पाह्यता आलं," ती म्हणाली.

माजी सैनिकांसाठी सरकारची औषधोपचाराची योजना एप्रिल २००३ पासून चालू आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सैनिकास व त्याच्या आश्रितांस तिचे कार्ड मिळते. त्या कार्डावर ठराविक दवाखान्यात तपासणी होते, आणि तेथून चिठ्ठी मिळाली म्हणजे मोठ्या रुग्णालयात उपचार होतो. योजना चांगली आहे, आणि तिच्यामुळे हजारो कुटुंबे कर्जापासून वाचली असतील यात आम्हांस शंका नाही. परंतु ती रचली गेली ती अशा दुखण्यांसाठी, की जी एकदा दाखविली, औषध घेतले, अथवा एकदा शस्त्रक्रिया केली म्हणजे निकालात निघतात. न भरणाऱ्या जखमेचे तसे नसते. तिला आठवड्यातून तीन वेळा कोणाचा तरी जाणता हात लागावा लागतो, आणि तोही सहा-सहा महिने. हवालदाराचे कार्ड ज्या दवाखान्याशी जोडले आहे, तेथे जावयाचे म्हणजे दोन गाड्या बदलून जाणे व रात्री परत येणे. पायावर भार देऊ नकोस असे तेथे त्यास बजावण्यात येते. आणि ते ऐकण्यासाठीच त्यास अर्धा दिवस उभे राहून प्रवास करावा लागतो! पट्टीचे साहित्य कधी असते, कधी नसते. चिठ्ठीची मुदत संपली तर नवी चिठ्ठी.

"गुरुजी, कपची घुसली तवा एवढं दुखलं नाही," तो हसत म्हणाला, "आता दुखते ते हे येनंजानं."

शेवटच्या फेरीत त्यास सांगण्यात आले की, आता पाय गुडघ्याखाली काढून टाकणे बरे. वय अठ्ठेचाळीस. शेत बरेचसे चढणीचे. त्याने ते कागद आमच्यापुढे ठेवले आणि एवढेच विचारले, "काढू द्यावा काय?"

या प्रश्नास उत्तर देण्याचा अधिकार आमच्यासारख्या शाळामास्तराचा नव्हे. पण ज्यांस तो आहे त्यांस विचारता येते. वरोऱ्यास आमचे एक स्नेही आहेत. कुष्ठरोग्यांच्या सेवेत त्यांची हयात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही पुढे निघालो.

वणीचे वर्णन करण्यास स्वतंत्र लेख हवा. रंगनाथस्वामींचे देऊळ, जैताईचे देऊळ, भोवतालच्या कोळशाच्या खाणी, राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या, एवढी नावे सांगून थांबतो. जुन्या पेठेतील घरांच्या ओसऱ्यांवर कोळशाची काळी पूड बसलेली असते आणि बायका ती दिवसातून दोनदा झाडतात. वणी सोडून वरोऱ्याच्या रस्त्यास लागले म्हणजे पाटाळ्यापाशी वर्धा नदीचा पूल येतो. अलीकडचा तीर यवतमाळ जिल्ह्याचा, पलीकडचा चंद्रपूरचा. पावसाळ्यात ही नदी कित्येकदा पुलास टेकते आणि मग दोन्ही तीरांची गावे एकमेकांस परकी होतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र पाणी उतरले होते.

या नदीच्या खोऱ्यात न भरणाऱ्या जखमांची विद्या गेली कित्येक दशके मुकाट्याने चालत आली आहे, हे आमच्या लोकांच्या लक्षात येत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली आणि वरोऱ्याच्या ओसाड माळावर आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगाची जंतुनाशक औषधे आज उत्तम आहेत. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितल्यापासून रोग बरा होतो. पण रोग गेला तरी मेलेली मज्जा परत येत नाही. पायास संवेदना नसते. काटा टोचला, वहाण घासली, निखाऱ्यावर पाय पडला, तरी कळत नाही. म्हणून रोगमुक्त माणसाच्या तळव्यासही व्रण होतो.

पूर्वी असा समज होता की, कुष्ठरोग्याचे मांसच सडके, ते भरणारच नाही. १९४७ च्या सुमारास वेल्लोर येथे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी हा समज खोटा ठरविला. (हे गृहस्थ जन्माने आपल्या देशचेच, मद्रास इलाख्यातील कोल्ली टेकड्यांवर १९१४ साली जन्मलेले.) त्यांनी दाखविले की मांस इतरांसारखेच भरते, मात्र वेदना नसल्यामुळे रोगी त्याच जागी पुनःपुन्हा भार देतो आणि भरत आलेली जखम रोज नव्याने फाडतो. त्यांनी अशा पायास पायाच्या आकाराचा प्लास्टरचा बूट चढविला, भार साऱ्या पायावर वाटला गेला, आणि वर्षानुवर्षांचे व्रण काही आठवड्यांत मिटले. औषध तेच, मांस तेच. भार तेवढा काढला.

हे आम्ही विस्ताराने सांगतो त्याचे कारण असे की, वेदना हरपलेले पाय केवळ कुष्ठरोग्याचेच नसतात. मधुमेहाने मज्जा झिजलेल्या माणसाचे तसेच. आणि पाठीच्या कण्यास गोळी लागून कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या सैनिकाचेही तसेच. एकास तळव्याला व्रण होतो, दुसऱ्यास माकडहाडाशी, कारण एकच. आमचे प्राचीन ग्रंथकार हे जाणत होते. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील तेविसाव्या अध्यायात कोणाचे व्रण कष्टाने बरे होतात याची गणना आहे, आणि तेथे कुष्ठी व मधुमेही यांची नावे एकाच पंक्तीस आली आहेत. दोन रोगांची ही जोड आम्ही विद्यार्थिदशेत केवळ पाठ केली होती.

सुश्रुताकडे वळलोच आहोत तर आणखी थोडे. चौतिसावा अध्याय 'युक्तसेनीय' म्हणजे सेनेबरोबर जाणाऱ्या वैद्याचा. राजाच्या तंबूशेजारीच वैद्याचा तंबू असावा, त्यात सर्व उपकरणे सिद्ध असावीत, आणि तो ध्वजासारखा दुरून दिसावा, म्हणजे शल्याने वा विषाने पीडित झालेल्यांस त्याच्याकडे येण्यास शोध करावा लागणार नाही, असा तेथील आशय आहे. दुरून दिसावा! दोन गाड्या बदलून चिठ्ठी घेणाऱ्या आमच्या हवालदारास हा शब्द वाचून दाखवावा असे वाटले, पण धीर झाला नाही. एकोणिसाव्या अध्यायात व्रणिताच्या घराचे वर्णन आहे: जागा स्वच्छ असावी, ऊन व वारा लागू नये, बिछाना ऐसपैस असावा, मोहरी व निंबाच्या पानांचा धूप दोन्ही वेळ द्यावा, आणि जवळ गोड बोलणारे स्नेही असावेत, जे गोष्टी सांगून वेदनेचा विसर पाडतील. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. कौटिल्यही युद्धाच्या प्रकरणात शस्त्रे, यंत्रे, औषधे, तेले व पट्ट्या हाती घेतलेले चिकित्सक सैन्याच्या पिछाडीस उभे करण्यास सांगतो. हे सारे सांगण्यात आमचा हेतु 'आमच्याकडे सर्व होते' अशी बढाई मारण्याचा मुळीच नाही. त्या बढाईने कोणाची जखम भरत नाही. आणि गावोगावच्या वैदूंनी दिलेल्या लेपांनी किती पाय गेले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सांगावयाचे ते इतकेच की, व्रणिताची शुश्रूषा ही राज्याच्या कर्तव्यात मोडते, हा विचार आपल्यास नवा नाही.

आता वरोऱ्याच्या स्नेह्यांकडील हकिकत. त्यांनी हवालदाराच्या पायाची आम्ही दूरध्वनीयंत्रावर टिपलेली छायाचित्रे पाहिली, कागद वाचले, आणि प्रथम हे स्पष्ट केले की ते शल्यविशारद नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पाय काढण्याचा निर्णय बरोबरही असेल. पण त्या आधी काही गोष्टी विचारल्या गेल्या काय, ते पाहा."

त्यांचे म्हणणे आम्ही आमच्या शब्दांत देतो, कारण ते आमच्या वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल. पहिली गोष्ट रक्ताची. पावलाच्या पाठीवर व घोट्याच्या आतल्या बाजूस नाडी हातास लागते की नाही? धमन्या चोंदलेल्या असतील तर वरून काहीही लावा, जखम भरावयाची नाही. रक्ताची वाट आधी मोकळी करावी लागते. विडी व आमच्या भागातील खर्रा यांचे नाव येथे आलेच. (यवतमाळ-नागपूरकडील वाचकांस खर्रा म्हणजे काय हे सांगावयास नको, इतरांनी सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले एक व्यसन असे समजावे.) दुसरी गोष्ट हाडाची. लढाईतील जुन्या जखमेत हाडाचा एखादा मेलेला तुकडा आत राहिलेला असतो. त्यास रक्त पोहोचत नाही म्हणून औषधही पोहोचत नाही, आणि जंतू तेथे दडून बसतात. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या छिद्राचा उगम बहुधा हाच. तो तुकडा काढून पोकळी जवळच्या मांसाने झाकली तर पुष्कळदा पाय वाचतो. तिसरी गोष्ट व्रणाच्या काठाची. फार वर्षे उघड्या राहिलेल्या जखमेच्या काठी क्वचित कर्करोग उद्भवतो. म्हणून काठाचा बारीक तुकडा काढून तपासला पाहिजे. चौथी रक्तातील साखरेची, आणि पाचवी ताटातील अन्नाची. ज्याच्या जेवणात डाळ, दूध, अंडे यांचा दुष्काळ, त्याचे मांस कशाने भरावे?

आणि शिरांच्या दोषाने घोट्याच्या वर होणाऱ्या व्रणाची तऱ्हा आणखी निराळी. तेथे मलमापेक्षा बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट बांधलेली ताणाची पट्टी हेच खरे औषध. मात्र धमनी चोंदलेली असताना ती बांधली तर पायच मरतो. म्हणूनच आधी नाडी पाहावयाची. शिळ्या समजुतींपैकी आणखी एक अशी की, जखम उघडी ठेवून वाळवावी. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखविले की, किंचित ओलसर झाकलेल्या जखमेवर कातडी लवकर चढते. याला साठांवर वर्षे झाली. आमच्या खेड्यापाड्यांत अजून जखमा उन्हात वाळविल्या जातात, आणि फेस येणारी औषधे रोज ओतून नवी उगवलेली कोवळी पेशीही जाळली जाते.

जखम भरविण्याच्या कलेत युद्धांनी फार शिकविले, हेही त्यांनी सांगितले. पहिल्या महायुद्धात कॅरेल व डेकिन यांनी सडलेल्या जखमा विरळ क्लोरीनयुक्त द्रावाने सतत धुण्याची रीत काढली. त्याच युद्धात बेअर नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने पाहिले की, रणांगणावर दिवसचे दिवस पडून राहिलेल्या शिपायांच्या जखमांत किडे पडले असूनही त्या आतून स्वच्छ होत्या. पुढे त्याने निर्जंतुक किड्यांचाच हाडांच्या व्रणांवर उपयोग केला. १९९७ साली अमेरिकेत अर्जेंटा व मॉरिक्वास यांनी जखमेवर हवाबंद आवरण घालून आतील हवा व स्राव यंत्राने ओढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती आज मोठ्या रुग्णालयांत रूढ आहे. आपल्याकडे सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली भाजलेल्या जखमांवरील मधाच्या उपयोगासंबंधी लिहिले, तेही विलायती नियतकालिकात छापून आले. सारांश, विद्या आहे. पण ती मारेगावास येत नाही.

सैन्याने आपल्या माणसांसाठी काही केले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. खडकी येथे विकलांग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी, १९१७ साली निघालेली क्वीन मेरी संस्था आहे. पुण्यास १९४४ सालापासून कृत्रिम अवयवांचे केंद्र आहे. आणि १९७४ साली खडकीसच अर्धांग लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र उघडले. कण्याला इजा झालेल्या जवानास दर दोन तासांनी कूस बदलून देणे, पाठीची रोज तपासणी करणे, त्यास चाकाच्या खुर्चीत बसून काम करता येईल असे शिकविणे, ही कामे तेथे नित्याची आहेत. या संस्थांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु यवतमाळहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि कामठीची लष्करी छावणी दीडशे किलोमीटरांच्याही पलीकडे. शस्त्रक्रियेसाठी माणूस तेथे एकदा जाईल. पट्टी बदलण्यासाठी कसा जाणार?

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. यवतमाळास १९८९ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने चालते. तेथे आठवड्यातून एक दिवस केवळ जुन्या जखमांचा असावा. त्या दिवशी शल्यविशारद, मधुमेहाचा जाणकार व पायाची तपासणी करणारा असे तिघे एके ठिकाणी बसावेत, म्हणजे रोग्यास तीन ठिकाणी तीन दिवस हिंडावे लागणार नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतील एकेका परिचारिकेस हे काम नीट शिकवावे, आणि शिकविण्यासाठी नदीपलीकडील कुष्ठसेवकांस बोलवावे. पायाचे घट्टे खरवडणे, पाय भिजवून तेल लावणे, मऊ रबराच्या तळव्याची वहाण बेतणे, हे त्यांच्याइतके कोणास येते? माजी सैनिकांच्या योजनेने पट्ट्या, ताणाच्या पट्ट्या व अशा वहाणा यांची तरतूद तालुक्यास पोहोचवावी आणि एक चिठ्ठी सहा महिने चालू द्यावी. संरक्षण खात्याने २०२१ साली सैनिक व माजी सैनिकांसाठी 'सेहत' नावाची दूरसल्ल्याची सेवा सुरू केली. जखम ही तर डोळ्यांना दिसणारी वस्तू. परिचारिकेने पंधरवड्यास एक छायाचित्र पाठविले तर कामठीच्या शल्यविशारदास घरबसल्या कळेल की ती वाढते आहे की मिटते आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने गावोगावच्या अशा व्रणितांची एक वही ठेवावी. ती वही नसल्यामुळे मागणी करणाऱ्यास प्रथमच विचारले जाते, असे लोक आहेत तरी किती?

कोणी म्हणेल, कुष्ठरोग्यास, शेतमजुरास, मधुमेही म्हातारीसही हीच जखम होते. सैनिकासच वेगळे का? प्रश्न योग्य आहे. आम्हांस वेगळी पंगत नकोच आहे. तालुक्यास एकदा हे काम सुरू झाले की त्या दारातून कोण आत येतो हे विचारण्याचे कारण नाही. परंतु कोणते तरी एक बोट धरूनच सरकारचे दार उघडावे लागते, आणि ज्याच्या जखमेची तारीख व ठिकाण सरकारच्याच दप्तरी नोंदलेले आहे, त्याचे बोट धरणे सोपे जाते.

ज्या घरांत हे मासिक वाचले जाते, तेथे निवृत्त झालेले एखादे काका, मामा, आजोबा असतीलच. रात्री निजण्यापूर्वी त्यांच्या पायांचे तळवे दिव्यासमोर धरून पाहण्याचे काम घरातील एखाद्या मुलाकडे सोपवावे. बोटांच्या बेचक्यांत भेग आहे काय, टाचेस घट्टा काळा पडला आहे काय, एक पाय दुसऱ्याहून थंड किंवा गरम लागतो काय, एवढे त्यास सहज कळेल. अनवाणी देवास जाण्याचा ज्यांचा नेम आहे, अशा मधुमेही वडील मंडळींनी तो सोडावा, असे आम्ही स्पष्टच सांगतो. देव रागावणार नाही. आणि अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस बदलण्याचे काम एकट्या सुनेवर टाकू नये. रात्रीच्या पाळ्या सर्वांनी वाटून घ्याव्यात.

आता हवालदाराचे. वरोऱ्याहून परतताना आम्ही पुन्हा त्याच्या गावी उतरलो व पाचही प्रश्न एका कागदावर लिहून त्याच्या हाती दिले. तो ते घेऊन पुन्हा गेला, आणि या खेपेस धाकटा भाऊ बरोबर होता. नाडी हातास लागते, ही पहिली चांगली बातमी. नव्या क्ष-किरण चित्रात नडगीत मेलेल्या हाडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दिसला, आणि आता पाय काढण्याऐवजी तो तुकडा काढून पाहण्याचे ठरले आहे. काठाच्या मांसाच्या तपासणीचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. शस्त्रक्रिया झाली तरी पुढचे चार-सहा महिने पट्टी आहेच, आणि ती कोठे व कोणी बदलावयाची, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. सूनबाईने मात्र चुना व फेस येणारी बाटली दोन्ही उकिरड्यावर टाकली.

१९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतात. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी निधी गोळा होतो, भाषणे होतात, शाळांतून लहान ध्वज वाटले जातात. आम्हीही पुष्कळ वर्षे वाटले. यंदा त्या दिवशी वर लिहिलेल्या मागण्यांचा अर्ज द्यावयाचा आहे. मसुदा आम्ही लिहिला आहे. मारेगाव व वणीकडील माजी सैनिक त्यावर सह्या करण्यासाठी येत्या रविवारी हवालदाराच्या ओसरीवर जमणार आहेत, कारण त्याने कोठे जावयाचे नाही असे शल्यविशारदाने त्यास बजावले आहे.